मागच्या सीटवर बाई होती म्हणून

जेवणं उरकून पोरं सोसायटीच्या पार्किंगमध्ये गप्पा मारत बसली होती. योगेश म्हणाला, "कॅबची वाट कोण बघतं? कुणाच्याही गाडीला हात दाखवायचा."

शेजारी खुर्ची टाकून बसलेले संपतकाका म्हणाले, "दाखव की. फक्त आधी माझ्या भाचीचं ऐक.

"शर्मिला तिचं नाव. हिंजवडीला सेकंड शिफ्ट. गेल्या वर्षी दत्तजयंतीच्या आदल्या रात्रीची गोष्ट. वाकडला घरी आई एकटी, तिचं इन्सुलिन संपलेलं, नवीन आणलेलं हिच्या पर्समध्ये. रात्री बायकांना कंपनीची कॅब असते, सोबत गार्ड असतो. पण चौघी जमल्याशिवाय कॅब हलत नाही, आणि चौथीची मीटिंग संपेना. शेवटी आमच्या विदुषी गेटबाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

"एक पांढरी गाडी थांबली. ड्रायव्हरनं विचारलं, 'वाकड?' हिनं वाकून पाहिलं. मागं एक बाई बसलेली. बाई आहे म्हणजे काळजी नाही, असं समजून ही तिच्याशेजारी बसली. सगळ्याच मुली तेवढंच बघतात. गाडीचा नंबर घरी कळवायला काय जातं?

"थोड्या वेळानं गाडी वाकडचा रस्ता सोडून मारुंजीकडे वळली.

"'इकडे कुठे?'

"'पुढे ट्रॅफिक आहे.'

"एवढ्या रात्री कसलं डोंबलाचं ट्रॅफिक? हिनं हळूच दार चाचपलं. आतून उघडेना. बाहेरचे दिवे संपले.

"'ताई, तुम्ही कुठे उतरणार?'

"बाई खिडकीबाहेरच बघत होती.

"ड्रायव्हरनं आरशात पाहिलं. 'कुणाशी बोलताय, मॅडम? मागं तुम्ही एकट्याच आहात.'

"…

"मग बाई बोलली. अगदी हळू.

"'मी उतरलेच नाही गं… यानं उतरूच दिलं नाही.'

"ते त्यालाही ऐकू आलं. करकचून ब्रेक. त्याचे डोळे आरशावर… तिथेच खिळलेले. हिच्या बाजूचं दार उघडलं. कुणी उघडलं…

"पळाली. अनवाणी. मागं वळून पाहिलं नाही.

"चौकातल्या मेडिकलपाशी पोचून तिनं गार्डला फोन केला. तो कॅब घेऊन आला, घरापर्यंत सोडलं. आईला इंजेक्शन मिळालं. मला मात्र त्या पोरीचा अजून राग येतो.

"गार्डनं पोलिसांनाही कळवलं होतं. त्यांना गाडी तिथेच मिळाली, रस्त्याच्या मधोमध. इंजिन चालू. चारी दारं आतून बंद. काच फोडावी लागली.

"आत कुणी नव्हतं.

"ड्रायव्हरच्या सीटचा बेल्ट… लावलेला होता."