तोंडभर तेल

रामन मूसांच्या डोक्यात लोखंडी बत्त्याचे तीन घाव बसले होते. शेवटचा इतका खोल, की समोरच्या फळीवरच्या काढ्यांच्या बाटल्याही रक्तानं माखल्या होत्या.

दुपारी माधवी, गावातले गुंते सोडवणाऱ्या अम्मिणी वारस्यारच्या दाराशी येऊन बसली. तिचा नवरा वेलायुधन मूसांच्या वैद्यशाळेत तीस वर्षं तेलं कढवत होता. पडलेल्या मालकाला उचलताना त्याचं कमरेचं मुंडू रक्तानं भिजलं, त्यावर आणि एका रोग्याच्या सांगण्यावर त्याला चौकीत नेलं होतं.

"मारताहेत त्याला, चेची. संध्याकाळपर्यंत तो काहीही कबूल करेल."

अम्मिणीनं छत्री उचलली. मागोमाग नेहमीप्रमाणे इप्पन निघाला. तो निवृत्त हवालदार. असे कबुलीजबाब त्यानंही घेतले होते. माधवीकडे त्याला बघवेना.

वैद्यशाळेत कळलं ते असं: मूसांचा पुतण्या नारायणन सकाळभर ओसरीवर नाड्या पाहत होता, आणि दहा रोगी तसं सांगत होते. आत मूसांकडे पहिला गेला तो गोविंद पिषारडी, कथकळीत गाणारा. जिभेवर फोड, तोंड आलेलं, त्यासाठी गंडूष, म्हणजे तोंडात तेल धरणं, चालू. थुंकायचं घासलेलं तस्त पुढ्यात ठेवून नारायणननं त्याच्या हाती कोमट तीळतेलाची वाटी दिली होती. त्यानंतर त्या तस्ताला कुणी हात लावला नव्हता.

"काकांचा नियम कडक," नारायणन म्हणाला. "गाल तट्ट फुगेपर्यंत भरायचं, चूळ खुळखुळवायची नाही. डोळ्यानाकाला पाणी सुटेपर्यंत धरायचं."

पिषारडी अजून आत, पडद्याआडच्या बाकावर बसला होता. आवाज घोगरा, ओठांच्या कडा चिरलेल्या.

"फटीतून वेलायुधन दिसला, हातात बत्ता. ओरडू कसा? तोंड तेलानं भरलेलं. डोळ्यांतून धारा लागल्यावर थुंकलो, मग बोंब मारली."

"माणूस मरतोय आणि तू तेल धरून बसलास?" इप्पन म्हणाला.

"तीन महिने तेच करतोय. अंगवळणी पडलंय. घाबरलो, की आपोआप ओठ घट्ट मिटतात."

अम्मिणीनं तस्त मागवलं. इप्पननं ते उजेडात धरलं. ओंजळभर पिवळंधमक तेल. खाली पितळेत कोरलेलं कमळ पाकळी न् पाकळी दिसत होतं.

"तेल झकास आहे हो," तो म्हणाला.

"फारच झकास. आता दाराशी उभा राहा, इप्पा."

मग ती पिषारडीकडे वळली. रागानं नाही, आजाऱ्याला समजवावं तशी बोलली.

"तोंडात धरलेलं तेल असं राहत नाही, गोविंदा. लाळ मिसळते, ते पांढरं होतं, ताकासारखं पातळ, फेसाळ. हे तुझ्या ओठांना लागलेलंच नाही. वाटीतून सरळ तस्तात ओतलंस. म्हणजे तोंड मोकळं होतं, आणि हातही. मोकळ्या तोंडाचा माणूस खून पाहून गप्प बसला आणि खोटं नाव घेतलं, ते कुणासाठी? ओसरीवरचे सगळे एकमेकांना दिसत होते. आत तू एकटाच होतास. वेलायुधन तुझी बोंब ऐकून धावत आला."

पिषारडीचा हात फळीवरच्या बाटल्यांकडे सरकला.

"तीन महिने रोज थुंकलास. पण तेव्हा डोळे पाण्यानं भरलेले. तस्तात काय पडतं, ते तुला कधी दिसलंच नाही."

त्यानं बाटली भिंतीवर फोडली आणि ती काच घेऊन तो अम्मिणीच्या गळ्याकडे झेपावला. इप्पननं मनगट पकडून पिरगाळलं. हाड कडकन वाजलं. पिषारडी गुडघ्यांवर आला.

"तीन महिने धर म्हणाले, धरलं," तो फरशीला कपाळ टेकून म्हणाला. "आज म्हणे, हे तोंड येणं नव्हे, गोविंदा, दुसरंच आहे. जीभ कापावी लागेल. आणि हे सांगताना ते औषध कुटत होते. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही."

दिवेलागणीआधी इप्पन त्याला घेऊन चौकीत पोचला. वेलायुधनला बाहेर आणलं. ओठ फाटलेले, समोरचे चार दात गेलेले, जीभ सुजून बाहेर आलेली. कागदावर अंगठा मात्र त्यानं उठवला नव्हता.

माधवीनं पदरानं त्याची हनुवटी टिपली.

"याला काय लावू, चेची?"

अम्मिणीनं तोंड उघडलं, पण सांगायचं नाव एकाच वैद्याचं होतं, आणि ते आता घेऊन उपयोग नव्हता.