फुटावी म्हणून लावलेली काच

"सूनबाईला त्या रात्री झोप लागली नाही, आणि कारण काय, तर लेकीच्या केसांत पांढरी पूड सापडली."

"कोंडा असेल," गच्चीवरच्या अंधारातून कुणीतरी म्हणालं.

"चार वर्षांच्या पोरीच्या केसांत कोंडा? आधी ऐका, मग अक्कल पाजळा," काका म्हणाले.

वीज गेली होती. खाली घरात जीव उकडत होता, म्हणून भाचे-पुतणे सतरंज्या घेऊन वर आले होते. काकांनी सगळ्यांना मोबाइल पालथे ठेवायला लावले. गोष्ट त्यांच्या धाकट्या भावाच्या सुनेची होती, म्हणजे ऐकीव नव्हती. शिवाय ती सून या क्षणी खालच्या खोलीत लेकीला वारा घालत बसलेली, तेव्हा पदरचं तिखटमीठ लावायचीही सोय नव्हती.

तर पूड. तिनं ती बोटावर घेतली, वास घेतला, जिभेला लावून बघितली. भिंतीची होती. मग ती रात्रभर आढ्याकडे बघत पडली.

आता, ही बाई घाबरट म्हणून घरात प्रसिद्धच. लेकीनं संत्र्याची बी गिळली तेव्हा तिनं डॉक्टरांना झोपेतून उठवलं होतं. "झाड उगवलं तर पहिलं फळ मला आणून द्या," म्हणून त्यांनी फोन ठेवला होता. शिकलेली होती, त्यामुळे आपण उगाच घाबरतो याचे तिच्यापाशी भरपूर पुरावे असत. ते सगळे पुरावे ती रात्री एकेक करून तपासायची, आणि तरी घाबरायची.

लेकीला सगळे खारू म्हणत, कारण ती घास गालात साठवायची. खारूची बालवाडी नगरपालिकेच्या जुन्या इमारतीत, तळमजल्यावर, मागच्या अंगाला. त्या वर्गाच्या मागच्या भिंतीला छतापासून पार खेळण्यांच्या फळीपर्यंत तडा गेलेला. सूनबाईनं तक्रार केली तेव्हा नगरपालिकेचे अभियंते स्वतः आले आणि तिला तड्यावरची काच दाखवली.

"कसली काच?"

"सांगतो ना. तड्यावर आडवी काचेची बारीक पट्टी बसवतात. दोन्ही टोकांना प्लास्टरचा गोळा, आणि ओल्या गोळ्यावर खिळ्यानं लावल्याची तारीख कोरतात. भिंत केसभर जरी सरकली तरी काच ताणली जाते आणि फुटते. काच शाबूत तर भिंत शाबूत. अभियंते म्हणाले, 'वहिनी, तारीख वाचा. दोन वर्षं झाली, काच जशीच्या तशी. भिंत तुमच्या-माझ्यापेक्षा धडधाकट आहे.' हिनं तारीख वाचली आणि वरून त्यांनाच सॉरी म्हणाली."

त्यात नगरपालिकेनं लोकांची सभा बोलावलेली. वर्षाचा देखभालीचा पैसा कशावर घालायचा, ते लोकांना विचारून ठरणार होतं. नगराध्यक्षांच्या मनात इमारतीचं तोंड होतं: पुढच्या बाजूला नव्या फरशा, रंगीत दिवे, वर मोठं घड्याळ. सलूनपासून दवाखान्यापर्यंत गावभर एकच चर्चा, घड्याळ गोल हवं की चौकोनी. मागच्या भिंतीचं नावही कुणी काढत नव्हतं. सभा शुक्रवारी सकाळी, त्याच इमारतीत, पुढच्या अंगाला, वरच्या हॉलमध्ये.

"आणि ही गोष्ट आदल्या रात्रीची. मार्चमधला दुसरा गुरुवार."

"अमावास्या होती?"

"कसली अमावास्या! टिपूर चांदणं पडलेलं. भुतं काय कॅलेंडर बघून बाहेर पडतात?"

साडेनऊच्या सुमारास खारूनं गादीवर उठून बसून भोकाड पसरलं. हत्ती बालवाडीत राहिला. हत्ती म्हणजे कापडाचा, एका कानाचा, सोंडेला चावून चावून भोक पडलेला. तो बगलेत नसला तर ती झोपत नसे, आणि ती झोपली नाही तर आळी झोपत नसे. नवरा म्हणाला, "एक रात्र रडेल, दुसरं काय?" पण सूनबाई चपला घालून निघालीसुद्धा. खरं सांगायचं तर हत्तीचं निमित्त होतं. भिंत बघितल्याशिवाय आज आपल्याला झोप येणार नाही, हे तिला ठाऊक होतं. नवऱ्याला तर ते तिच्याही आधी ठाऊक होतं.

बालवाडीच्या मावशी इमारतीसमोरच राहायच्या. त्यांनी किल्ली दिली आणि वरून बजावलं, "आत गेलात की कडी लावून घ्या हो. कुत्री शिरतात आणि सतरंजीवर घाण करतात."

ती आत गेली. कडी लावली. दिव्याचं बटण दाबलं, दिवा लागला नाही. तिनं मोबाइलचा उजेड पाडला. गुडघ्याएवढ्या खुर्च्या ओळीनं उभ्या होत्या. दोरीवर चित्रं वाळत टाकलेली. खडूचा, ओल्या कापडाचा आणि मुलांच्या डब्यांचा मिळून एक वास असतो, तो होता. हत्ती फळीवर होता, तड्याच्या बरोबर खाली.

तिनं उजेड वर नेला. काच होती. अखंड. दोन्ही गोळे, तारीख, सगळं जागच्या जागी.

'बघ,' ती स्वतःला म्हणाली, 'उगाच आलीस.'

तिनं हत्ती उचलला.

टिक्.

काकांनी जिभेनं तो आवाज काढला, आणि सतरंजीवरचं हसणं-खुसपुसणं थांबलं.

बारीक आवाज. सुपारी फुटावी तेवढाच. तिनं उजेड वर केला. काचेच्या मधोमध एक रेघ होती... मघाशी नव्हती.

"बाई, उजेड इकडे धरा जरा."

आवाज मागून आला.

ती वळली. एका छोट्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. गुडघे छातीशी आलेले. पांढरा शर्ट, खिशाला पेन. हातात काचेची एक कोरी पट्टी, आणि ती ते रुमालानं पुसत होते. सावकाश. एक बाजू, मग दुसरी.

शिकलेली माणसं आधी कारण शोधतात, घाबरतात नंतर. तिला वाटलं, उद्याची सभा, म्हणून कुणीतरी पाहणीला आलं असेल. तिनं सांगितल्याप्रमाणे उजेडसुद्धा धरला.

"तुम्ही नगरपालिकेचे का?"

"होतो."

"आजोबा, ही काच फुटली. आत्ता. माझ्यासमोर."

"फुटणारच." ते पुसत राहिले. "ती फुटावी म्हणूनच लावतात, बाई. फुटली की तशीच ठेवायची असते. काढायची नसते..."

"मग काढली कुणी?"

त्यांनी पट्टी उलटी केली. तेव्हा तिच्या लक्षात आलं. रुमाल काचेवर फिरत होता. पण आवाज नव्हता.

"उद्या... तुम्ही सांगाल ना सभेत?"

"सांगायचो." त्यांनी पट्टी उजेडात धरून बघितली. मग, "कपाटामागं बघा."

खेळण्यांचं कपाट. भिंत आणि कपाट यांच्यात एक फट. ती वाकली. हात घातला. गार लागलं. धारेचं. झाडूनं लोटलेला ढीग होता तो. काचा. फुटलेल्या काचा... टोकांना गोळे तसेच. तिनं एक बाहेर काढली. तारीख वाचली. दुसरी काढली. तीच तारीख. आणखी एक. तीच.

काच फुटली की कुणीतरी नवी लावत होतं. आणि ओल्या गोळ्यावर जुनीच तारीख कोरत होतं.

"अहो, ह्या सगळ्यांवर एकच..."

खुर्ची रिकामी होती.

कडी आतून लावलेली. तशीच.

तिनं पदराची झोळी केली. काचा भरल्या. बोट कापलं, तरी भरल्या. हत्ती तोंडात धरला...

"तोंडात?"

"दोन्ही हात गुंतलेले. मग काय सोंडेवर धरणार? तशीच धावली."

किल्ली परत देताना तिनं मावशींना एवढंच विचारलं, की पांढरा शर्ट, खिशाला पेन, असं नगरपालिकेत कोण आहे. मावशींनी किल्ली घेतली ती मुठीत आवळूनच धरली. "आहे नाही, होते," त्या म्हणाल्या. "काचसाहेब. जुने अभियंते. दरवर्षी सभेत उठून दुरुस्तीचा पैसा मागायचे आणि सगळे त्यांना हसायचे. तुमची खारू जन्मायच्या कितीतरी आधी गेले. तुम्ही कुठं पाहिलंत त्यांना?"

तिनं झोळी सावरली आणि ती घराकडं वळली.

शुक्रवारी हॉल भरलेला. सूनबाईनं रात्रभर जागून मोबाइलवर भाषण लिहून ठेवलं होतं, आणि ऐन वेळी मोबाइलच मेला, उजेड धरून धरून. आपण इथं नक्की काय सांगणार आहोत, आणि पुरावा म्हणून कुणाचं नाव घेणार आहोत, हा विचार मनात आला आणि ती जवळजवळ घरी निघालीच होती. तेवढ्यात तिची तक्रार कानावर आलेले फर्निचरवाले शेठ उठले.

"वहिनी, तडे काय आमच्या घरातही आहेत. आम्ही नगरपालिकेला बोलावतो का? बायकोला सांगतो, कॅलेंडर टांग."

हॉल हसला. अभियंते म्हणाले, "काच शाबूत आहे." अध्यक्ष म्हणाले, "ताई, आईची माया आम्हाला कळते. पण गावाचं तोंड चांगलं दिसायला नको?"

काय झालं कुणास ठाऊक, दाराकडं वळलेली ती परत फिरली. ती पुढं गेली आणि काचांची पिशवी अध्यक्षांच्या टेबलावर उपडी केली. खळ्ळकन आवाज झाला. पाण्याचा ग्लास कलंडला. हॉलमधलं हसू जागच्या जागी गोठलं.

"तोंडाचं नंतर बघू," ती म्हणाली. "बडा घर पोकळ वासा, हे माझ्या आजीनं सांगितलं होतं. तो वासा माझ्या लेकीच्या डोक्यावर असेल, हे सांगितलं नव्हतं. ह्या काचा त्याच तड्यावरच्या. प्रत्येकीवर तारीख आहे, आणि प्रत्येकीवर एकच आहे. साहेब, एकाच तड्यावर एकाच दिवशी एवढ्या काचा लावल्या होत्या तुम्ही?"

अभियंते खाली बघायला लागले.

"ह्या तुम्हाला मिळाल्या कुठं?" अध्यक्षांनी विचारलं.

"कपाटामागं. काल रात्री."

"म्हणजे तुम्ही रात्री सरकारी इमारतीत घुसलात?"

"घुसले. हत्ती आणायला." कुणीतरी फिसकन हसलं, पण या वेळी ते अध्यक्षांना हसलं. "आणि हो, मी घाबरट आहे. अख्खी आळी सांगेल. पण तुम्ही सगळे शूर आहात ना? मग उरलेली सभा खाली घेऊ या. त्याच वर्गात, त्याच भिंतीला पाठ लावून. खुर्च्या जरा लहान आहेत, सांभाळून घ्या. चला, अध्यक्षसाहेब. शेठ, चला. कॅलेंडर मी आणते."

कुणी उठलं नाही.

ती दारापर्यंत गेली, वळून उभी राहिली. कुणीच उठलं नाही.

"मग मुलंही उद्यापासून तिथं बसणार नाहीत," ती म्हणाली. "आणि ती भिंत होईस्तोवर ह्या गावात एकही दिवा रंगीत लागणार नाही. मी रोज येईन. दुसरं काही जमत नसलं तरी काळजी करणं मला फार छान जमतं."

मागच्या बाकावरून मावशींनी पहिली टाळी वाजवली.

पैसा भिंतीकडं वळला. घड्याळ बारगळलं. सोमवारी मुलं वरच्या हॉलमध्ये गेली. आणि भिंत उतरवायला गवंडी आले तेव्हा त्यांनी पहार टेकवायच्या आधीच ती भिंत आत कोसळली, छोट्या खुर्च्यांच्या ओळीच्या जागेवर. खुर्च्या वर नेल्या होत्या, म्हणून निभावलं.

गच्चीवर दोघं-तिघं एकमेकांजवळ सरकले. काकांनी पाण्याचा तांब्या चाचपून जवळ ओढला, पण प्यायले नाहीत.

सुट्टी संपली. बालवाडी नव्या वर्गात भरायच्या आदल्या संध्याकाळी सूनबाई खारूला घेऊन भिंत बघायला गेली. एकटीच जाणार होती, पण हत्ती आणि हत्तीची मालकीण दोघंही हट्टाला पेटली. भिंत सुरेख झाली होती. गुळगुळीत, अजून चुन्याचा वास येणारी. तडा सोडा, केसभर रेघ नाही. तिनं हात फिरवला, कान लावला, बोटाच्या पेरानं वाजवूनसुद्धा बघितली. आता तरी आपण नीट झोपू, असं तिला वाटलं.

आणि मग तिला ती दिसली. खाली. खारूच्या डोक्याच्या उंचीवर.

काचेची पट्टी. कोरी. लख्ख पुसलेली. खाली तडा नाही, काही नाही... नुसती कोरी भिंत. तिनं गोळ्याला बोट लावलं. ओला होता. तारीख कोरलेली होती.

आजची.

गवंडी आठवड्यापूर्वीच काम आटोपून गेले होते. किल्ली तिच्या हातात होती.

तिनं खारूला उचललं. घट्ट. घरात त्या रात्रीबद्दल लेकीसमोर कुणी चकार शब्द काढला नव्हता.

"आई, ती काढू नकोस," खारू म्हणाली.

"नाही काढत. पण... कुणी लावली गं ती?"

खारूनं हत्तीची सोंड तोंडातून काढली.

"त्या आजोबांनी. ते मला विचारत होते, तुझी आई रात्री जागी असते का. मी म्हटलं, हो. रोजच."