खरखरीतला माणूस

दुपारची जेवणं उरकून बंदर जरा पेंगलं होतं, तेव्हा खरखरताई हत्यारांची पेटी खांद्याला अडकवून धक्क्यावर आली. काम साधंच होतं. भावाच्या बोटीवर रेडिओ बसवायचा. असे रेडिओ बसवण्यात तिची अर्धी हयात गेली होती. अडचण एवढीच, की भावाला यातलं काहीही ठाऊक नव्हतं.

"गेला का दादा?" तिने हळूच विचारलं.

"केव्हाच! लहान होडी घेऊन जाळी काढायला गेलेत," वहिनी केबिनच्या दारातून म्हणाली. "वन्सं, परत यायच्या आत तो सेट भिंतीला ठोकून टाका. मग बसू देत बोंबलत."

दादाचं आणि रेडिओचं वाकडं होतं. माणूस समुद्रावर जातो तो चार घटका शांत बसायला, तिथेही लोकांची बडबड कशाला ऐकायची, असं त्याचं म्हणणं. सख्खी बहीण बंदरातल्या झाडून सगळ्या बोटींना रेडिओ लावते आणि हा गडी मात्र शीळ घालत बाहेर पडतो, यावरून लोक ताईची यथेच्छ थट्टा करत. शेवटी वहिनीनेच मनावर घेतलं. सेट आणला, तो धान्याच्या डब्यामागे लपवला आणि दादा लहान होडी घेऊन जाईल तो दिवस हेरला.

आता तिला खरखरताई का म्हणत, तेही सांगून टाकतो. या रेडिओला खरखर दाबायचं एक बटण असतं. ते पिळलं की सेट गप्प होतो आणि कुणी जोरात बोललं तरच तोंड उघडतो. सगळे कप्तान ते घट्ट पिळून ठेवतात, कारण तासभर खरखर ऐकली तर डोकं उठतं. पण त्या बटणाला आवाज आणि गोंगाट यांतला फरक कळत नाही. लांबचा, दुबळा आवाजही ते खरखरीबरोबर गिळून टाकतं. म्हणून प्रत्येक सेट बसवला की ताई ते बटण पूर्ण सैल करायची आणि चहाचा पेला संपेपर्यंत कान देऊन बसायची. "ताई, काय म्हणतेय खरखर? सगळं क्षेमकुशल?" असं येणारे-जाणारे विचारायचे. ती हसून सोडून द्यायची. इतक्या वर्षांत त्या खरखरीतून तिला एकदाही काही ऐकू आलं नव्हतं, हेही खरंच आहे.

तिने सेट होकायंत्रापासून लांब, उजव्या भिंतीवर बसवला. जवळ धरला की सुई कशी भरकटते ते वहिनीला दाखवलं. लाल-काळी वायर थेट बॅटरीपर्यंत नेली, मध्ये फ्यूज टाकला. केबिनमध्ये डिझेलचा, ओल्या दोराचा आणि वायरींना डाग देताना वितळणाऱ्या शिशाचा वास भरून राहिला.

"हे बघ वहिनी," ताईने माइक तिच्या हातात दिला. "हे बटण दाबायचं आणि बोलायचं. बोलून झालं की 'ओव्हर' म्हणायचं आणि सोडायचं. सोडलंस तरच समोरच्याचं ऐकू येईल. दाबलेलं असेपर्यंत सेट बहिरा."

"म्हणजे एकाच वेळी बोलायचं आणि ऐकायचं जमत नाही? अगदी तुमच्या भावासारखंच की!"

दोघी खळखळून हसल्या. सेटचा दिवा लागला. ताईने सवयीने बटण सैल केलं आणि केबिनभर खरखर सुटली. वहिनीने चहा ओतला. बाहेर पाहिलं तर समोरचा धक्का दिसेनासा झाला होता. धुकं कधी उतरलं ते दोघींनाही कळलं नव्हतं. शेजारच्या बोटीची डोलकाठी तेवढी पुसट दिसत होती. बघता बघता तीही गेली.

"आता येतीलच ते," वहिनी म्हणाली. कुणी काही विचारलं नव्हतं.

तेवढ्यात खरखरीच्या तळाशी काहीतरी हललं.

"...माणूस एक... लहान होडी... इंजिन बंद..."

ताईचा पेला ओठाशीच थांबला. आवाज म्हाताऱ्या पुरुषाचा होता, दमलेला, पण घाई नसलेला. वाचून दाखवावं तसा तो एकेक शब्द सांगत होता. "...लाल बोयाच्या बाहेर... जहाजांच्या वाटेवर... गळ्याला पिवळी ओढणी..."

वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला. "ओढणी माझी आहे," ती कुजबुजली. "घसा धरला म्हणाले... सकाळी मीच बांधून दिली."

ताईने माइक उचलला आणि मग तिचं लक्ष आपल्या मांडीकडे गेलं. अँटेनाची केबल तिथे तशीच पडली होती, तोंड उघडं. ती अजून सेटला जोडलीच नव्हती. अँटेनाशिवाय सेटला ऐकू येतं ते हाकेच्या अंतरावरचं. म्हणजे बोलणारा या धक्क्यावरच हवा होता... किंवा या बोटीवर. तिने दाराकडे पाहिलं. मग केबिनच्या कोपऱ्यात पाहिलं. कोपऱ्यात दादाचा रेनकोट लटकत होता, बाकी काही नव्हतं.

पण भावाचा जीव टांगणीला लागलेला असताना भ्यायला वेळ कुणाला असतो? तिने केबल जोडली, अँटेना केबिनच्या कठड्याला दोराने करकचून बांधली आणि बटण दाबलं. "ऐकतेय. तुम्ही कोण? ओव्हर."

खरखर. मग "लवकर निघा. ओव्हर."

ताईने सेटवरून बंदराच्या कचेरीला हाक दिली. ड्यूटीवरचा माणूस ओळखीचाच, तिनेच बसवलेल्या सेटवर बोलणारा. तिने जागा सांगितली, तसा तो गडबडला. "ताई, मालवाहू जहाज आत येतंय, त्याच वाटेवरून! आमची बोट निघायला अर्धा तास तरी लागेल. जहाजाला सांगतो, पण ही जागा नक्की आहे ना? सांगितलं कुणी? ओव्हर."

"कुठल्यातरी दुसऱ्या बोटीवरच्या माणसाने. तुम्ही ऐकलंत ना आत्ता? ओव्हर."



"ताई..." त्याचा आवाज उतरला होता. "दुसरी बोट कुठली? मला फक्त तुम्ही ऐकू येताय. तुम्ही विचारता, थांबता... आणि मध्ये काहीच नसतं."

ताईने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने एवढंच विचारलं, "ओढणीचं खरं होतं ना?" आणि इंजिनाची किल्ली फिरवली.

वहिनीने ही बोट चालवली होती ती दादा शेजारी उभा असताना, लख्ख उन्हात, तीही गंमत म्हणून. आज पुढचं टोकसुद्धा दिसत नव्हतं. काचेवर धुकं असं बसलं होतं, जणू कुणी बाहेरून ओला कपडा दाबून धरलाय. तिने होकायंत्रावर नजर रोवली. म्हाताऱ्याचा आवाज सांगत गेला. "थोडं डावीकडे... आता सरळ... सरळच." ती वळवत गेली. एकदा पाण्यावर तरंगणारा तो लाल बोया अगदी कुशीला घासून गेला. त्याची घंटा कानाशी वाजली आणि मागे पडली. ताईला त्या आवाजामागे आणखी काहीतरी ऐकू येत होतं. पाणी. काठावर आपटणारं नाही, तर चहूबाजूंनी दाटून आलेलं, जड. कान पाण्याखाली गेले की ऐकू येतं तसं. तिने ते वहिनीला सांगितलं नाही.

मग जहाजाचा भोंगा वाजला. लांब, खोल. पुन्हा वाजला, तेव्हा बराच जवळ.

आणि खरखर रिकामी झाली. आवाज बोलेना.

"कुठे गेले ते बोलणारे? विचारा ना!" वहिनीने ताईच्या हातून माइक हिसकावला. "अहो... कोण असाल ते... आमचे हे कुठायत? सांगा ना! त्यांना काही झालं तर मी काय करू... सांगा ना हो..."

"बटण सोड, वहिनी!" ताई ओरडली. वहिनीचा अंगठा बटणावर घट्ट रुतला होता. सेटवरचा लाल दिवा जळत होता. बटण दाबलेलं, सेट बहिरा. "सोड! सोडल्याशिवाय ऐकू येणार नाही!"

"असू दे," म्हातारा म्हणाला.

दिवा लालच होता. अंगठा बटणावरच होता. आणि आवाज आता खरखरीत नव्हता, स्वच्छ होता, दोघींच्या डोक्यांच्या मधून आल्यासारखा. "रडू नको, पोरी. इंजिन बंद कर... आणि ऐक."

वहिनीने इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं.  ओल्या शेवाळाचा वास केबिनमध्ये पसरला होता. मग उजवीकडून, धुक्याच्या आतून, पत्र्याचा डबा बडवल्याचा आवाज आला आणि त्याबरोबर शिव्यांची लाखोली. इंजिनाला, धुक्याला, होडीला, होडी विकणाऱ्याला. इतक्या झणझणीत शिव्या देणारा माणूस बंदरात एकच होता.

"हेच ते!" वहिनी किंचाळली. शिव्या ऐकून इतका आनंद झालेली बायको दुसरी नसेल. तिने पुन्हा इंजिन चालू केलं, सुकाणू वळवलं आणि बोट होडीच्या कडेला अशी अलगद नेऊन लावली, की ताई बघतच राहिली. दोघींनी दादाला काखेत हात घालून वर ओढलं. त्याने होडीचा दोर कसाबसा मागे अडकवला. ताई माइकवर ओरडत होती, "सापडला! माणूस सापडला! जहाजाला बाहेरून काढा! ओव्हर!" आणि कचेरीचा माणूस जहाजाला ओरडून सांगत होता. वहिनीने सगळा जोर लावून बोट पुढे काढली. पाठीमागे धुक्यातून एक काळी भिंत उभी राहिली, उंचच उंच, आणि मिनिटापूर्वी होडी होती त्या पाण्यावरून हळूहळू निघून गेली. तिच्या लाटेने बोट खालवर झाली, पेले फुटले, हत्यारं घरंगळली. कुणाला काही लागलं नाही.

दादा केबिनच्या फळ्यांवर बसून कुडकुडत होता. त्याने आधी बायकोकडे पाहिलं, मग सुकाणूकडे. "तू चालवलीस? या धुक्यात?"

"नाही, बोट आपली आपणच आली! म्हटली, मालक कुठेत बघू." वहिनी हसत होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ते तिने पुसलंसुद्धा नाही.

"आणि मी कुठेय ते कळलं कसं?"

"तुझ्याजवळून कुणी गेलं होतं का, दादा?" ताईने विचारलं. "एखादी बोट? म्हातारा माणूस?"

"काळं कुत्रं नव्हतं." मग तो जरा थांबला. "मध्ये एकदा वाटलं... कुणीतरी होडीची कड धरलीय. पाण्यातून. वजन आलं एका बाजूला. मी वाकून पाहिलं, तर काही नाही." त्याने भिंतीवरच्या सेटकडे बोट दाखवलं. "हे डबडं कधी लावलंत?"

"आजच. काढून टाकू?"

"हात तर लाव!" दादा म्हणाला.

परत येताना धुकं विरत गेलं. कचेरीच्या माणसाने बातमी सगळ्यांना सांगितली होती. धक्क्यावर निम्मं बंदर गोळा झालं होतं. बांधलेल्या सगळ्या बोटींनी एकदम भोंगे वाजवायला सुरुवात केली. ताईची थट्टा करणारे दोन कप्तान सगळ्यांत पुढे उभे होते. "ताई, उद्या आमच्याकडे या! ते बटण कसं सैल करायचं ते दाखवा!" वहिनीने एवढ्या गर्दीसमोर एका झटक्यात बोट धक्क्याला लावली, तसा टाळ्यांचा कडकडाट झाला. दोर बांधायला उडी मारली ती दादाने, आयुष्यात पहिल्यांदा, बायकोच्या हुकमावरून. तो खुशीत होता. ताईला वाटलं, इतका अभिमान आपल्याला आपल्या हाताच्या कामाचा कधी वाटला नव्हता. आपण वेड्या नव्हतो. खरखरीत माणूस होता.

तिने सेटकडे हात नेला. आता आभार मानायचे आणि बंद करायचा.

"एक पोचला," आवाज म्हणाला. आता तो पुन्हा लांबचा झाला होता, खरखरीत बुडालेला. "दुसरा अजून पाण्यात आहे. ओव्हर."

वहिनी हसता हसता थांबली. ताईने कचेरीला विचारलं. कचेरीच्या माणसाने दोनदा खात्री केली. बंदराची एकूण एक बोट आत आली होती. कुणाचं कुणी हरवलं नव्हतं. त्यालाही टाळ्या आणि भोंगे ऐकू येत होते. "आता कोण राहिलं, ताई?" तो हसून म्हणाला.

ताईने बटण दाबलं.  "दुसरा कोण? ओव्हर."

खरखर.  आणि तिच्या तळाशी ते जड, दाटलेलं पाणी.

"मी," म्हातारा म्हणाला. "ओव्हर."

वहिनीने ताईकडे पाहिलं. मग ती सुकाणूपाशी जाऊन उभी राहिली, इंजिनाची किल्ली फिरवली आणि खिडकीतून मान बाहेर काढली.

"अहो," ती म्हणाली, "दोर सोडा."