दोनशे पदकं, एक अंगठा

"प्रयागबाई, बुडालो आपण!"

मधुकररावांनी जर्मनीहून आलेलं पार्सल टेबलावर उलटं केलं. गळ्यात घालायची पितळी पदकं घरंगळली. चार. प्रत्येकावर मोर, मान डावीकडे कललेली. सोबत तिथल्या दुकानाची चिठ्ठी होती: दोनशेच्या दोनशे हुबेहूब एकसारखी निघाली. हे हातकाम नव्हे. खरा खुलासा पाठवा, नाहीतर संबंध संपला.

प्रयागबाई नागपूरच्या त्या कारागीर संस्थेत माल पारखायच्या. फक्त या खेपेला त्या लेकीच्या बाळंतपणासाठी उमरेडला होत्या. तेव्हा माल पारखला तो व्यवस्थापक मधुकररावांनीच.

पारशिवनीकडची चाळीस घरं मेणाचा मोर घडवत, त्याला माती लिंपत, मेण वितळवून पितळ ओतत. माती फोडावी तेव्हा मोर जन्माला येई. एकासारखा दुसरा कधीच नाही. ते परदेशी दुकान दलालावाचून, वाजवी भावात माल घेई. तो संबंध तुटला की चाळीस भट्ट्या थंड.

"हे त्या रुपरावचंच काम," मधुकरराव फुत्कारले. "दलाली गेली ना त्याची!"

"पेटीवर मोहर कोणी लावली?"

"मी. सकाळी पारखलं, दुपारी लाख लावली."

"मधल्या वेळात पेटी कोणाजवळ होती?"

"माल बांधणाऱ्या जयवंताजवळ. पेटीत गवत भरत होती."

जयवंता दारातच उभी होती. हातात सुतळी, गळ्यात नुसता काळा दोरा. "मी गवत भरलं, बाई," ती म्हणाली आणि खाली पाहू लागली.

प्रयागबाई इतवारी बाजारात गेल्या. रुपराव गादीवर लोडाला टेकून हसला.

"मले बुडवाचंच असतं, तर पेटी टेशनावरच गायब केली असती. अन् नकल कराले असा वाकड्या मानीचा मोर काहून घेऊ वं बाई? माह्या दुकानात सरळ मानीचे शंभर हायेत."

बोलणं कडू होतं, पण खोटं नव्हतं. वाकडा मोर कोणीतरी मुद्दाम निवडला होता.

परतल्यावर त्यांनी भिंग लावलं. चारही मोरांच्या पाठीवर अंगठ्याचा एकच ठसा. मेण वितळतं, पितळ उरतं. माणूस जातो, बोट उरतं. रेषा पुसट होत्या, पण अंगठ्यावरची तिरपी खाच स्वच्छ दिसत होती.

पारशिवनीकडचा लहानू ओतारी माल घेऊन आला होता.

"हा तुझा अंगठा काय गा?"

"नाही बाई. माहा साबूत हाय." त्यानं पदक निरखलं, चोरून जयवंताकडे पाहिलं आणि मालाची गाठ सोडू लागला.

मग प्रयागबाईंनी सभासदांची वही काढली. सहीच्या जागी अंगठेच अंगठे. एका खोडलेल्या नावापुढं तीच तिरपी खाच. धोंडबा.

बाजाराचा दिवस होता. कारागीर अंगणात जमलेले. प्रयागबाईंनी मधुकररावांना आणि जयवंताला तिथं बोलावलं.

"एका जुन्या पदकावरून वाळूच्या साच्यात दोनशे काढली," त्या म्हणाल्या. "म्हणून दोनशेंवर एकच अंगठा. धोंडबाचा. त्याचा माल साहेबांनी वाकडा म्हणून वितळवला होता. मग एक पदक वाचलं कुठं? त्याच्या लेकीच्या गळ्यात. तिथं कायम मोर असायचा, आज नुसता दोरा आहे. आणि जयवंता, मोहर लागण्याआधी पेटी तुझ्या एकटीच्या हाती होती. काहून केलंस वं?"

जयवंतानं मान वर केली. डोळ्यांत पाणी नव्हतं, निखारा होता.

"याच अंगणात, साऱ्याईच्या देखत वितळवले. बाबानं मंग मेणाले हात नाही लावला. तीन महिन्यांत गेला. म्हटलं, ज्या मोराले साहेबानं वाकडा म्हटलं, तोच साहेबाच्या मोहरेखाली दोनशे डाव जाऊ दे!"

"अन् आमचं काय?" लहानू ओरडला. "आमची चाळीस घरं बुडतील ना, पोरी!"

"तुमचे खरे दोनशे जपून ठेवले हायेत, काका. एका मोराले ओरखडा नाही. साहेबानं खरं लिहावं, मी जागा सांगीन. मले मंग पोलिसात द्या."

"धमकी देतेस?" मधुकरराव उसळले.

कोणी त्यांची बाजू घेतली नाही. प्रयागबाईंनी कागद पुढं सरकवला. "दुकानानं खरा खुलासा मागितलाय, साहेब. सारा लिहा."

मधुकररावांनी लिहिलं: धोंडबा या उत्तम कारागिराचं काम मी न पारखता नासवलं, म्हणून त्याच्या लेकीनं सूड घेतला. चुकीची पेटी माझ्याच मोहरेनं गेली. मग ते उभे राहून साऱ्यांना वाचून दाखवू लागले. धोंडबाच्या नावाशी त्यांनी आवाज खाली आणला.

"मोठ्यानं वाचा, साहेब," जयवंता म्हणाली. "मागच्याईले ऐकू येऊन नाही राहिलं."