हरणीच्या खुराकातलं हाड

गाय गवत खाते, हे बालवाडीतलं पोरही सांगेल. मग वेणूच्या घरच्या हरणी गाईच्या पशुखाद्यात हाड कुठून आलं?

ही बातमी निरखूनं आणली. निरखू म्हणजे गावच्या डेअरीतला यंत्रमानव. खाद्याचं पोतं न् पोतं तपासणारा. हाड गाईगुरांचं निघालं, तर ते खाद्य खाल्लेली सगळी जनावरं विलगीकरणात (इतरांपासून दूर) जाणार होती. हरणीसुद्धा! गोठ्यात वेणूनं हरणीचं दावं घट्ट धरलं.

"एवढ्याशा हाडाला काय भ्यायचं रे?" आई म्हणाली. "मोकाट गाई उकिरड्यावर काय काय चघळतात!"

"भीती प्रिऑनची (घडी चुकलेल्या प्रथिनाची) आहे, काकू," निरखू म्हणाला. "वेणू, वर्गात एकानं कागदी होडीची घडी चुकवली आणि शेजाऱ्यांनी त्याचंच बघून केली तर?"

"सगळ्यांच्या होड्या बुडतील."

"आजारी गाईच्या मेंदूत तेच होतं. तिचं मांस-हाड दळून दुसरीच्या खाद्यात गेलं, की चुकीची घडी तिकडेही पसरू शकते. उकळूनही ती जात नाही. म्हणून गाईला गाईचं मांस-हाड चारायला बंदी आहे."

निरखूनं खाद्याचा भुगा एका जड द्रवात टाकला. कोंडा आणि पेंड वर तरंगली. पांढरा कण तळाशी बसला. वेणूनं निरखूच्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि ती तिथलीच होऊन गेली. मोत्यासारख्या उजेडात काळ्या, चिमुकल्या खोल्याच खोल्या! दिवेलागण व्हायच्या आधीचं एखादं गावच जणू.

"या खोल्यांत हाडाच्या पेशी राहायच्या," निरखू हळूच म्हणाला. "म्हणजे हे हाडच."

"पण कुणाचं?"

"सुतावरून स्वर्ग गाठायचा नाही. डीएनएला (पेशीतल्या ओळखखुणेला) विचारू."

यंत्र गुणगुणत राहिलं. वेणू हरणीच्या मानेला बिलगून उभी राहिली. तिला कुठेतरी दूर कागदी होड्या डुलताना दिसत होत्या.

"उंदीर!" निरखू म्हणाला. "शेतातला. मक्याबरोबर गिरणीत गेला असावा."

"घ्या! डोंगर पोखरून उंदीर काढलास!" आई खळखळून हसली. वेणूला तर त्या उंदराचा मुकाच घ्यावासा वाटला.

"पोतं मात्र परत जाईल," निरखू म्हणाला. "पुढे गव्हाणीलाच असे डोळे येतील. घास तोंडात जाण्याआधीच ती सांगेल."

वेणूनं पुन्हा एकदा त्या ओसाड गावात डोकावून पाहिलं.

"निरखू, हरणीच्या हाडांतही अशा खोल्या आहेत?"

"आहेत ना. पण तिथे सगळे घरी आहेत."

हरणीनं वेणूचा हात चाटला.