फौजदारानं फोडलेली काच

गाडी मागे मागे येत गाड्यांच्या काचांच्या दुकानाच्या दाराला लागली, पण तिचा आवाज म्हणून आला नाही. ब्लेसी पाठमोरी उभी राहून रबराच्या पट्ट्या झटकत होती, आणि एकदम मानेवर कुणीतरी गरम श्वास सोडला. वळून बघते तर काय, हातभर अंतरावर मेंढा! चांगला वळलेल्या शिंगांचा, पिकअपच्या हौद्यातून मान बाहेर काढून तिच्याकडे टक लावून बघणारा.

"अगं बाई!" ब्लेसी दोन पावलं मागे सरली.

"भिऊ नका ताई, काय करत न्हाई तो," ड्रायव्हर खाली उतरत म्हणाला. "फकस्त काचा फोडतो."

पंचविशीचा असेल. उन्हानं रापलेला, हसरा, आणि केसांत काचेचे बारीक दाणे खडीसाखरेसारखे चमकत होते. उतरल्यावर त्यानं दार असं आपटलं, की हौद्यातला मेंढासुद्धा दचकला. ब्लेसीला त्याचे केस झटकून द्यावेसे वाटले. पहिल्या मिनिटाला असलं काहीतरी वाटावं म्हणजे कमालच झाली! तिनं हातातली पट्टी घट्ट धरली आणि विचारलं, "कुठली काच?"

"मागची. केबिनची. फौजदारानं फोडली."

"पोलिसानं?"

"न्हाई वो. ह्यो फौजदार." त्यानं मेंढ्याच्या शिंगांमध्ये खाजवलं.

गोष्ट अशी होती. शंभू कवठे येमाईचा. त्याच्या आजोबांच्या काळात घरी दोनशे मेंढरं होती, आता कांदा आणि भाजीपाला होता. मेंढरांपैकी उरला होता हा एकटा फौजदार, कारण शंभूची आई म्हाळसाबाई त्याला विकू देत नव्हती. दौंडला मामाच्या कळपात त्याला महिनाभर सोडायचं ठरलं होतं. डिझेलच्या जुन्या गाडीत बिचारा आवाजाला आणि थरथरीला भिऊन डोळे मिटून बसायचा. ही नवी गाडी बॅटरीवरची. ना आवाज, ना थरथर. फौजदार आरामात उभा राहिला, समोर बघितलं, तर मागच्या काचेत दुसरा मेंढा त्याच्याकडेच बघत होता! शिरूर येईपर्यंत त्यानं सहन केलं, मग नाही केलं.

"दोन गॅरेजवाल्यांनी हात वर केले," शंभू म्हणाला. "बॅटरीची गाडी हाय, करंट बसंल म्हणत्यात. कंपनी म्हणती काच यायला वीस दिस लागतील. आन् उद्या दुपारी मला दौंडच्या बाजारातनं कुरकुंभच्या कारखान्याला कॅन्टीनची भाजी न्यायचीय. फुटक्या काचंची गाडी गेटातून आत घेत न्हाईत. तुमचे पप्पा कुठंयत?"

झालं! शेवटी आलाच तो प्रश्न. दोन महिने ब्लेसी हाच प्रश्न ऐकत होती. पप्पा, म्हणजे बन्यामीन, दाराशेजारीच खुर्चीत बसले होते, उजवा हात झोळीत. तीस वर्षं काचा उचलून खांदा कामातून गेला होता. गिऱ्हाईक यायचं, पोरीकडे बघायचं, पप्पांच्या झोळीकडे बघायचं आणि गाडी वळवून निघून जायचं. महिना संपायला चार दिवस होते. पहिल्या तारखेला हा गाळा एका मोबाइलवाल्याला द्यायचा, असं पप्पांनी ठरवलं होतं. ब्लेसी रडली नव्हती, भांडली होती. शेवटी पप्पा म्हणाले होते, "एक काच सुरुवातीपासून शेवटापर्यंत तू बसव. गळली नाही, तर दुकान तुझं."

आता ती एक काच दारात आली होती, मेंढ्यासकट.

"पप्पा बसलेत तिथं," ती म्हणाली. "काच मी बसवणार. चालत असेल तर चावी द्या. नाहीतर गाडी काढा, दार अडलंय."

शंभूनं एकदा तिच्याकडे, एकदा पप्पांकडे बघितलं. आणि चावी तिच्या तळहातावर ठेवली. एवढ्या सरळपणे ठेवली, की ब्लेसीला क्षणभर पुढं काय करायचं तेच सुचेना.

पण हात चालू झाले की ब्लेसी वेगळीच मुलगी असायची. गाडीखाली वाकून तिनं नारंगी वायरी कुठून कुठं गेल्यात ते बघितलं. "करंट सगळा खाली आहे. काचेचा न् त्याचा काय संबंध? ही तर नुसती काच आहे." मग पुठ्ठा लावून चौकटीचा साचा काढला, माळ्यावर चढली आणि धुळीतली एक काच घेऊन उतरली. साचा त्या काचेला नखभरही फरक न पडता बसला.

"डिझेलच्या पिकअपची आहे," ती म्हणाली. "केबिन तीच, इंजिन तेवढं बदललंय. वीस दिवस कशाला लागतात?"

"तुम्ही कंपनीत पायजे व्हता," शंभू म्हणाला.

"मी इथंच पाहिजे," ब्लेसी म्हणाली, आणि हे वाक्य पप्पांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली.

काचेचे दाणे वेचून झाले, काच चिकटवणारं जुनं सीलंट कापून झालं, चौकट पुसून काळं प्रायमर लावून झालं. एप्रिलचं ऊन पत्र्यावर तापत होतं. शंभू तिला पाणी आणून देत होता, फौजदाराला कडबा टाकत होता आणि मधे मधे उगाच काहीबाही विचारत होता. सकाळची 'ताई' कधी गळून पडली, ते ब्लेसीनं बरोबर टिपलं होतं. बाराच्या सुमाराला. पाण्याचा दुसरा तांब्या देताना.

ती काचेच्या कडेनं सीलंटची नळी फिरवत होती. एका दमात, न थांबता फिरवायची असते ती.

"ब्लेसी म्हंजी काय वो?"

"आशीर्वाद."

"मग बराबर हाय..." तो जरा थांबला. "फौजदारानं इचार करूनच धडक दिली म्हणायची."

ब्लेसी हसली. नाही हसायचं म्हणता म्हणता हसली, आणि नळी वरच्या कोपऱ्यात क्षणभर अडखळली. लगेच पुढं गेली.

काच बसवायला दुसरा माणूस लागतो. दोघांनी दोन रबरी वाट्या काचेला चिकटवल्या आणि काच उचलली. मधे काच, अलीकडे ती, पलीकडे तो. "आधी खालची कड... हळू... आता वर. बघू नका माझ्याकडे, काचेकडे बघा!"

"काचंकडंच बघतुय," तो म्हणाला. "तुम्ही पलीकडं हाय त्याला मी काय करू?"

काच बसली. वरच्या कडेला तिनं कागदी टेपच्या दोन पट्ट्या लावल्या, काचेवरून टपावर, आणि तासभर कुणाला हात लावू दिला नाही. मग पाण्याची नळी घेतली. शंभूला केबिनमध्ये बसवलं. "आतून बघायचं. थेंब दिसला की सांगायचं."

भर एप्रिलात शिरूरच्या त्या गल्लीत पाऊस सुरू झाला. ब्लेसी नळी धरून काचेवर पाणी सोडत होती, पाण्यापलीकडे शंभूचा चेहरा हलत होता, हसत होता. तो काहीतरी बोलला, ऐकू आलं नाही. काय म्हणाला असेल? तिला तो आवडला होता! एका दुपारीत! तिनं ते मनातल्या मनात कबूल करून टाकलं आणि नळी आणखी वर धरली. शंभूनं एक हात सहज वरच्या कोपऱ्याला टेकवला.

"काय रे, गळतंय का?" पप्पांनी खुर्चीतून विचारलं.

शंभू उतरला. "न्हाई मामा. थेंब न्हाई."

पप्पांनी डोळे मिटले, उघडले. त्यांचा चेहरा उजळला. "शाब्बास पोरी," म्हणत त्यांनी डाव्या हातानं मोबाइल काढला. "त्या मोबाइलवाल्याला सांगतो, दुसरीकडं बघ म्हणून."

नंबर लागत होता. ब्लेसी हसतच शंभूकडे वळली, आणि हसू ओठांवरच थांबलं. त्याच्या उजव्या हाताची बाही मनगटापासून कोपरापर्यंत ओली होती.

वरचा कोपरा. ती हसली होती तो. सीलंटची नळी अडखळली होती तो.

शंभूनं हात मागे घेतला आणि डोळ्यांनीच विनवलं... राहू द्या ना.

गप्प बसली असती तर दुकान तिचं होतं. पप्पा खूश, गिऱ्हाईक खूश. पहिल्या जोराच्या पावसात त्याच्या सीटवर पाणी आलं असतं, त्याचीही त्याला तक्रार नव्हती. पण गळकी काच बसवून मिळवलेल्या दुकानात ती रोज कुठल्या तोंडानं उभी राहणार होती?

"पप्पा, फोन ठेवा," ब्लेसी म्हणाली. "गळतंय."

मग ती शंभूवर फिरली. "हात लावून थेंब लपवता? दया दाखवताय माझ्यावर?"

"दया न्हाई वो! तुमचं दुकान जाईल म्हणून... मामांनी मघाशी सांगितलं मला—"

"जाईल तर जाईल! खोट्यावर नको मला. तुमच्या गाडीत पाणी गळणार आणि तुम्ही मला खरं सांगणार नाही, तर मग दुसरं काय खरं सांगाल?"

शंभूची मान खाली गेली. फौजदारानंसुद्धा कडबा चावायचं थांबवलं.

पप्पांनी मोबाइल खिशात टाकला. "मग? बोली काय होती आपली?"

"सुरुवातीपासून शेवटापर्यंत, असं म्हणाला होता तुम्ही," ब्लेसी ताठ उभी राहिली. "शेवट कुठं झालाय? गाडी माझ्या दारातून गेलेली नाही. तोवर काम चालू आहे."

पप्पांच्या मिशीत काहीतरी हललं. "काढ मग परत," ते एवढंच म्हणाले.

तिनं तारेनं सीलंट कापून काच काढली. सगळं पहिल्यापासून. घासणं, पुसणं, प्रायमर. या वेळी शंभूला तिनं रस्त्यापलीकडे उभं केलं, फौजदाराची दोरी हातात देऊन. "आणि एक शब्द बोलायचा नाही." तो बोलला नाही. नळी चारही कडांनी एका दमात फिरली. काच उचलायला तेवढं त्याला बोलावलं, तेव्हा तो खरोखरच फक्त काचेकडे बघत होता, आणि ब्लेसीला त्याचंच जरा वाईट वाटलं!

रात्रभर गाडी हलवायची नव्हती. फौजदाराला एसटीत कोण घेणार? तो दुकानामागच्या लिंबाला राहिला आणि शंभू एकटाच गावी गेला. सकाळी आठला तो परत आला, तेव्हा केबिनमध्ये पप्पा स्वतः बसले होते, डाव्या हातात पांढरा रुमाल घेऊन. ब्लेसीनं पाणी सोडलं. दहा मिनिटं. पंधरा मिनिटं. पप्पा चारही कोपऱ्यांवरून रुमाल फिरवत राहिले. मग उतरले आणि कोरडा रुमाल लेकीच्या हातात दिला. मोबाइलवाल्याचा नंबर लावून खुर्चीत जाऊन बसले.

ब्लेसी तेव्हा रडली. दोन महिन्यांचं एकदम.

मग नाक पुसून तिनं काचेच्या बाहेरून, खालच्या अर्ध्या भागावर बारदान बांधलं, फौजदाराला दुसरा फौजदार दिसू नये म्हणून. टेपच्या दोन्ही पट्ट्यांवर पेननं लिहिलं, 'उद्या काढणे'. आणि शंभूला बजावलं, "दार आपटायचं नाही. बाजूची काच दोन बोटं खाली ठेवायची, नाहीतर दाबानं ही ढकलली जाते."

"काल चुकलं माझं," तो म्हणाला.

"चुकलंच."

त्यानं दार इतकं हळू लावलं, की ते लागलंच नाही. दुसऱ्यांदा लावावं लागलं. बिनआवाजाची गाडी न्हावऱ्याच्या रस्त्याला लागली, आणि ब्लेसी ती दिसेनाशी होईपर्यंत दारात उभी राहिली.

पंधरा दिवसांत चार गाड्या आल्या. चौघेही ड्रायव्हर 'कवठ्याच्या शंभूनं पाठवलंय' म्हणत आले. तो स्वतः मात्र आला नाही. ब्लेसी रागावली, मग राग गेला, मग पुन्हा रागावली. सोळाव्या दिवशी मानेवर गरम श्वास आला नाही, पण पाठीमागं कुणीतरी गाडीचं दार अगदी हळू लावलं आणि ती न वळताच ओळखून गेली.

"गळतंय का?" तिनं विचारलं.

"न्हाई. खरंच न्हाई. पाणी मारून बघितलं रोज."

तिनं काचेकडे बघितलं. दोन्ही पट्ट्या जागच्या जागी! उन्हानं पिवळ्या पडलेल्या, 'उद्या काढणे' जेमतेम वाचता येत होतं.

"हे काय? दुसऱ्या दिवशी काढायच्या होत्या!"

"काढल्या असत्या, तर तुमचं काम संपलं असतं..." शंभूचे कान लाल झाले. "मला संपवायचं न्हवतं. तुम्ही म्हणाला व्हता, दुसरं काय खरं सांगाल. पंधरा दिस तेच जुळवत व्हतो. मला तुम्ही आवडता. त्या दिवशी काचंमागं हेच म्हणलो व्हतो, तुमाला ऐकू आलं न्हाई म्हणून बरं वाटलं आन् वाईटबी वाटलं. घरी सांगितलंय. आई म्हणाली, पोरगी फौजदाराला भीत न्हाई, म्हंजी आपल्याला कशाला भिईल? आता तुम्ही न्हाई म्हणला, तर पट्ट्या काढतो आन् जातो."

खुर्चीतून पप्पा खाकरले. "रविवारी साडेनऊला चर्च असतं. मागच्या बाकावर जागा असती," ते गल्लीकडे बघत कुणालाच उद्देशून नसल्यासारखे म्हणाले. "बघू."

ब्लेसी गाडीजवळ गेली. टाचा उंचावून तिनं डावीकडची पट्टी नखानं उचलली आणि सरकन ओढून काढली. शंभूचा चेहरा पडला. पट्टीचा बोळा करून तिनं खिशात टाकला, हात झटकले, आणि त्याच्या केसांतली धूळही झटकली. पहिल्या दिवसापासून ते केस झटकायचे होते तिला.

"मलाही तुम्ही आवडता," ती म्हणाली. "खोटं बोलला होता, तरी."

"आन् ही?" त्यानं उजवीकडच्या पट्टीकडे बोट दाखवलं.

ब्लेसीनं ती पट्टी अंगठ्यानं नीट दाबून बसवली.

"लिहिलंय ना तिच्यावर? उद्या काढायची. उद्या या."