मैनाच्या पुढची जागा

गॅदरिंगला वेस्टर्न डान्स हवाच, हे मुलींचं म्हणणं. गाण्यात शब्द नकोत, हे मुख्याध्यापक वासिफ सरांचं. कारण गेल्या वर्षीचं इंग्रजी गाणं आमच्या अख्ख्या गावात कुणाला कळलं नव्हतं, ते नेमकं दुबईहून सुट्टीवर आलेल्या एका वडिलांना कळलं. त्यांनी भर पालकसभेत त्याचा अर्थ सांगितला. मी मान खाली घालून बसले होते.

"मॅडम, खुदा के वास्ते, यंदा नुसतं वाजणारं काहीतरी लावा," सर म्हणाले.

मी कल्पिता. शाळेत खेळाची शिक्षिका, आणि डान्स माझ्या गळ्यात मारलेला. भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी दारात उभं करत नाही, हे आधीच सांगून ठेवते. नवरा न्हावा शेवा बंदरात ट्रेलरवर ड्रायव्हर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. घरी मी आणि मैना, दोघीच. मैना आठवीत, माझ्याच शाळेत, आणि यंदा पहिल्यांदा पुढच्या रांगेत, मधोमध. लेक म्हणून नाही हं, नाचते चांगली म्हणून.

बिनशब्दांचं गाणं शोधता शोधता जीव मेटाकुटीला आला. शेवटी गॅदरिंगच्या सामानाच्या पेटीत जुने पेनड्राइव्ह पडले होते, त्यातल्या एकात एक धून सापडली. चार मिनिटं, ठेका पक्का, शब्द एकही नाही. कुणी कधी आणली, कुणाला ठाऊक नव्हतं. मला काय, काम झालं.

मधल्या सुट्टीनंतर हॉलमध्ये प्रॅक्टिस. बाकं भिंतीला लावलेली, खिडकीतून वाळत घातलेल्या बोंबलांचा वास. अकरा मुली. मी नेहमीसारखी फळ्याकडे पाठ, त्यांच्याकडे तोंड करून उभी. असं शिकवायचं तर सगळं उलटं करावं लागतं. मुलींचा उजवा हात वर हवा, तर मी डावा करायचा. मुली आरशात बघितल्यासारखं बघून करतात. पंधरा वर्षं करतेय, झोपेतही चुकणार नाही.

दुसऱ्या आठवड्यात मुली चुकायला लागल्या. मी डावा वर केला, त्यांनीही डावाच.

"अगं बायांनो, बघून करा की! डोळे कुठेयत?"

पुन्हा डावा. एकीचं बघून दुसरी चुकते, हे मला माहीत आहे. म्हणून एकेकीला वेगळी उभी केली. तरी प्रत्येकीचा डावाच, त्याच क्षणी, तितकाच वर. आणि नजर माझ्यावर नव्हती. माझ्या नि त्यांच्या मधल्या रिकाम्या जागेवर होती.

"महनूर, तू सांग. कुणाचं बघून करतेस?"

महनूर म्हणजे वर्गातली सगळ्यात सरळ पोर. ती म्हणाली, "तुमचं उलटं असतं ना मॅडम, गोंधळ होतो. त्या पाठमोऱ्या उभ्या असतात, त्यांचं बघून सोपं जातं."

"कुठल्या त्या?"

मुलींनी एकमेकींकडे बघितलं. कुणी हसलं नाही. मी मागे वळायला गेले, तर खांदा फळ्यावर आपटला. पहिल्या दिवशी मी मुलींपासून दोन हातांवर होते. रोज थोडी थोडी मागे सरकत आले होते, कुणाला तरी जागा करून देत. मला पत्ताच नव्हता.

चुलीत गेली ती धून, म्हटलं. पेनड्राइव्ह काढून परत पेटीत टाकला. अलिबागच्या एका ओळखीच्या डान्स क्लासवाल्याकडून दुसरं संगीत मागवलं, तेही बिनशब्दांचंच. लावलं. दहा मुलींचा उजवा हात वर गेला.

मैनाचा डावा.

"मैना!"

तिने ऐकलं नाही. शेजारून महनूर हळूच म्हणाली, "आता आमच्यापुढे नाहीत मॅडम. फक्त मैनाच्या पुढे आहेत."

मी मैनाला डान्समधून काढलं. ती रडली नाही, याचंच मला जास्त भ्या वाटलं. डबा खायला बसली, तर डाव्या हाताने. माझी उजव्या हाताची पोर, डाव्या हाताने भाकरी मोडत होती, अगदी सराईतपणे. घास उचलायची, थांबायची, समोर बघायची, मग तोंडात घालायची.

"मैना, इकडे बघ. आईकडे बघ."

"थांब ना. चुकेल."

शनिवारी शाळा सुटल्यावर तिला हॉलमध्ये नेलं. दुपारचे बारा, लख्ख ऊन. तीच जुनी धून लावली. मैना तिच्या जागी उभी राहिली. ती जिथे बघत होती तिथे जाऊन मी उभी राहिले, तिच्याकडे पाठ करून. बघायचंच आहे ना, तर आईची पाठ बघ.

पायाखाली फरशी ओली लागली.

मी उजवा हात वर केला. मागून बांगडीचा आवाज आला नाही. पुन्हा केला. उजवा, उजवा, गिरकी, उजवा. घाम डोळ्यांत जात होता. मनात एकच, सोड माझ्या पोरीला, सोड.

मग मागे बांगडी वाजली. मैना बांगडी उजव्या हातात घालते.

"आई," ती म्हणाली, "आता तूच दिसतेयस."

मी रडले. नाचता नाचताच रडले, कारण धून संपली नव्हती आणि मला थांबता येत नव्हतं. समोर मला फळा दिसायला हवा होता.

दिसला नाही.

गॅदरिंग छान झालं. मैना मधोमध नाचली, एकदाही चुकली नाही. वासिफ सरांनी स्टेजवर येऊन माझं कौतुक केलं. आता ती उजव्या हाताने जेवते, मला उलट उत्तरं देते, मोबाईलसाठी भांडते. माझी पोर मला परत मिळाली, अजून काय हवं?

परवा बाजारातून आलो. मी कुलूप काढलं, दार ढकललं. मागे मैना पिशव्या घेऊन ताटकळली होती.

"आई, जा ना आत. थांबलीस कुणासाठी?"

"चप्पल काढतेय गं," मी म्हटलं.

चप्पल मी केव्हाच काढली होती. त्या पाठमोऱ्याच आत गेल्या, मग मी गेले.